‘पलीकडं नेलं की चिन्ह बदलतं’, मग उत्तर का चुकतं?

पत्र : माझी मुलगी सातवीपर्यंत आमच्या गावच्या मराठी शाळेत शिकली. गणितात कायम पुढे असायची. यंदा आठवीला बेळगावच्या एका इंग्रजी माध्यमाच्या हायस्कुलात घातलं. साधी समीकरणं ती तोंडी सोडवते. पण कंस आला, अपूर्णांक आला, दोन्ही बाजूंना एक्स आला की दर वेळी नवीनच चूक. मी स्वतः एसएसएलसीपर्यंत (दहावीपर्यंत) शिकले आहे. ‘पलीकडं नेलं की चिन्ह बदलतं’ एवढं मला आठवतं आणि तेच मी तिला सांगते. ती म्हणते, ‘तसंच तर केलं की आई!’ वहीतली चार गणितं सोबत पाठवते. त्यातलं एक बरोबर आलंय आणि अगदी त्याच्यासारखंच दुसरं चुकलंय, हे कोडं मला सुटत नाही. ट्यूशन लावावी की माध्यम बदलावं?
— एक आई, खानापूर तालुका

उत्तर : ताई, माध्यम बदलू नका. ट्यूशनचं महिनाभरानं बघू. मुलीचं अंकगणित पक्कं आहे. चारही गणितांत बेरीज-गुणाकाराची एकही चूक नाही. गडबड आहे ती तुम्ही पत्रात लिहिलेल्या त्या वाक्यात. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे, आणि राहिलेला अर्धा भाग कोणी सांगितलाच नाही तर मूल तो आपल्या मनानं भरतं.

(मुलीच्या वहीत इंग्रजी एक्स आहे. इथे त्याच्या जागी क्ष लिहिला आहे.)

समीकरणात पलीकडं काहीच जात नाही. तिला आधी हे दाखवा, आणि कागदावर नको, तागडीवर दाखवा. एका पारड्यात गुळाच्या तीन सारख्या ढेपा आणि २ किलोचं वजन, दुसऱ्यात तशीच एक ढेप आणि १० किलो. काटा मधोमध. म्हणजे ३क्ष + २ = क्ष + १०. आता दोन्ही पारड्यांतून एकेक ढेप उचला. काटा हलणार नाही. उरलं २क्ष + २ = १०. दोन्हीकडून २ किलो काढा, २क्ष = ८. दोन ढेपा ८ किलोच्या, तर एक ४ किलोची. या सगळ्यात उजवीकडची ढेप डावीकडे येऊन ‘वजा ढेप’ झाली का? नाही. ती दोन्हीकडून काढली. उजवीकडे ती संपली म्हणून दिसेनाशी झाली आणि डावीकडे वजाबाकी झाली. दुरून बघणाऱ्याला वाटतं, ती उडी मारून चिन्ह बदलून आली. ‘पलीकडं नेणं’ हे त्या उडीचं नाव आहे. इंग्रजी माध्यमात यालाच ‘ट्रान्सपोज’ म्हणतात. ज्याला कारण ठाऊक आहे त्याच्यासाठी ही चांगली शॉर्टकट आहे, इतरांसाठी सापळा.

सापळा कसा, ते तिच्या वहीत पानाच्या तळाशीच दिसतं. −३क्ष = १२ इथपर्यंत ती बरोबर आली आहे. पुढे एकदा क्ष = १२ + ३ = १५ लिहिलंय, ते खोडून क्ष = १२ ÷ ३ = ४ केलंय. दोन्ही वेळा नियम इमानेइतबारे पाळला आहे : उणे ३ पलीकडं गेलं, अधिक झालं! पण तो ३ क्षला चिकटलेला आहे, गुणाकारानं. गुणाकार सोडवायचा तर भागाकारच करावा लागतो, आणि −३ ने भागायचं तर उण्यासकट भागायचं : १२ ÷ (−३) = −४. बेरीज-वजाबाकीनं जोडलेलं पद सोडवताना चिन्ह बदललेलं दिसतं. गुणाकारानं जोडलेल्या संख्येचं चिन्ह बदलत नाही. हा राहिलेला अर्धा भाग.

तागडी दोन-तीन दिवसच वापरा. पारड्यात उणे तीन किलो ठेवता येत नाही, त्यामुळे ऋण संख्या आल्या की तागडी उपयोगाची राहत नाही. तिथून पुढे एकच प्रश्न विचारत जा : ‘दोन्ही बाजूंना काय केलंस?’

आता गणितं.

पहिलं : ३(क्ष − ४) + ५ = २क्ष + ६. तिनं कंस सोडवताना ३क्ष − ४ + ५ लिहिलं आणि क्ष = ५ काढलं. बाहेरच्या ३ ने क्षला गुणलं, ४ ला विसरली. ‘क्ष वजा चार’ अशा तीन पिशव्या आहेत असं म्हटलं तर प्रत्येक पिशवीतून चार गेले, एकूण बारा. वहीच्या उजव्या बाजूला उभी रेघ मारायला सांगा आणि रेघेपलीकडे प्रत्येक ओळीत काय केलं ते लिहायला लावा. असं :

३(क्ष − ४) + ५ = २क्ष + ६
३क्ष − १२ + ५ = २क्ष + ६ | कंस सोडवला, ३ ने दोघांनाही गुणलं
३क्ष − ७ = २क्ष + ६ | डावीकडच्या संख्या एकत्र केल्या
क्ष − ७ = ६ | दोन्हीकडून २क्ष वजा
क्ष = १३ | दोन्हीकडे ७ मिळवले

ताळा : डावीकडे ३ × ९ + ५ = ३२, उजवीकडे २६ + ६ = ३२. जुळलं. तिचं ५ घालून बघितलं तर डावीकडे ८, उजवीकडे १६. हा ताळा करायला अर्धा मिनिट पुरतो, आणि तिच्या चारही गणितांत तो कुठेच नाही. मला वहीतली सगळ्यात मोठी उणीव हीच वाटते, कंसाची चूक त्यामानानं किरकोळ.

एकेका ओळीत एकच बरोबरचं चिन्ह, आणि चिन्हं एकाखाली एक. तिनं एका ठिकाणी ३क्ष + १ = २क्ष + ६ = क्ष = ५ अशी आगगाडी जोडली आहे. याचा अर्थ २क्ष + ६ ची किंमत ५ आहे असा होतो. घाईत हिशेब करताना आपण सगळे असं लिहितो, पण बीजगणितात ते खोटं विधान ठरतं.

आता तुमचं कोडं. ७ − २(क्ष − ३) = ५ हे तिचं बरोबर आलं, क्ष = ४, आणि त्यावर टिकही आहे. ७ − २(क्ष − ३) = १ हे चुकलं. खरं सांगायचं तर दोन्ही चुकली आहेत. पहिल्यात तिनं ७ मधून २ आधीच वजा करून टाकले, मग ५(क्ष − ३) = ५, क्ष − ३ = १, क्ष = ४. पण २ मोकळा नाही, तो कंसाला गुणाकारानं बांधलेला आहे. आधी गुणाकार, मग वजाबाकी. बरोबर रीत : ७ − २क्ष + ६ = ५, म्हणजे १३ − २क्ष = ५, −२क्ष = −८, क्ष = ४. उत्तर तेच! असं का झालं? या गणितात कंसाची किंमत नेमकी १ येते. ७ − २ × १ हेही ५ आणि ५ × १ हेही ५. उजवीकडची संख्या ७ आणि २ च्या वजाबाकीइतकी असल्यामुळे हा योग जुळला. उजवीकडे १ केलं की बिंग फुटतं : बरोबर रीतीनं १३ − २क्ष = १, क्ष = ६. तिच्या रीतीनं ५(क्ष − ३) = १, क्ष = १६/५. ताळा बघा, ७ − २ × ३ = १, म्हणजे ६ बरोबर. ती टिक तिच्यासमोर खोडू नका. दोन्ही गणितं शेजारी-शेजारी ठेवा आणि तिलाच शोधू द्या. इतकं चांगलं उदाहरण पुस्तकातही सहसा मिळत नाही.

याच जातीच्या गणितात दुसरी चूक दबा धरून असते. −२(क्ष − ३) सोडवताना −२क्ष − ६ लिहिणं. −२ गुणिले −३ म्हणजे +६. कंसाबाहेर उणं असेल तर आतल्या प्रत्येक पदाचं चिन्ह उलटतं, नुसतं पहिल्याचं नाही. ‘कंसाबाहेर उणं’ दिसलं की त्यावर पेन्सिलनं गोल करायची सवय लावा. महिन्याभरात गोलाची गरज उरणार नाही.

चौथं, अपूर्णांकाचं : (क्ष + १)/२ − (क्ष − २)/३ = ३. इथे एकाच ओळीत दोन चुका आहेत. ल.सा.वि. ६ तिनं बरोबर काढला (शाळेत एल.सी.एम. म्हणत असतील, कन्नडवाल्या मैत्रिणी ल.सा.अ. म्हणतील, तिन्ही एकच). पण ६ ने डावी बाजूच गुणली, उजवीकडचा ३ तसाच राहिला. अपूर्णांक नाही म्हणून त्याला सूट मिळत नाही. दोन्ही बाजूंचं प्रत्येक पद ६ ने गुणायचं. दुसरी चूक उण्याची. अपूर्णांकाची आडवी रेघ म्हणजे न दिसणारा कंस. छेद घालवताना तो कंस उघडपणे लिहायलाच हवा :

३(क्ष + १) − २(क्ष − २) = १८
३क्ष + ३ − २क्ष + ४ = १८
क्ष + ७ = १८
क्ष = ११

ताळा : १२/२ − ९/३ = ६ − ३ = ३. तिचं उत्तर ४ आलं होतं. ते घातलं तर ५/२ − २/३ = ११/६, तीनच्या जवळपासही नाही. ३(क्ष + १) ही ओळ मुलं वाचवतात, वेळ जातो म्हणून, आणि थेट ३क्ष + ३ − २क्ष − ४ लिहितात. अपूर्णांकाच्या गणितातली ती एक ओळ गाळू द्यायची नाही.

क्रम म्हणाल तर : आधी छेद घालवा, मग कंस, मग प्रत्येक बाजू आपापल्या जागी आवरा, मग क्षची पदं एका बाजूला, संख्या दुसऱ्या बाजूला, शेवटी सहगुणकानं, म्हणजे क्षला गुणाकारानं चिकटलेल्या संख्येनं, भागा. हा क्रम दगडावरची रेघ नाही. ५(क्ष − ३) = ४० मध्ये कंस सोडवण्याआधी ५ ने भागलं तर क्ष − ३ = ८, काम दोन ओळींत संपतं. पण सुरुवातीला एकच वाट पायाखालची होऊ द्या. आवरताना एवढं बघा की ५क्ष + ३ चे ८क्ष होत नाहीत. पाच ढेपा आणि तीन किलो यांच्या आठ ढेपा कशा होतील?

क्ष डावीकडेच यायला हवा असा मुलांचा एक समज असतो. २क्ष + ९ = ५क्ष − ६ मध्ये ५क्ष डावीकडे आणलं तर −३क्ष येतं आणि उण्याचा घोळ सुरू होतो. लहान सहगुणकाचं पद दोन्हीकडून काढा : ९ = ३क्ष − ६, १५ = ३क्ष, क्ष = ५. आणि १५ = ३क्ष हे ३क्ष = १५ असं फिरवून लिहिताना चिन्ह बदलायचं नाही. दोन्ही पारड्यांची जागा बदलली म्हणून वजन बदलत नाही. ‘बाजू बदलली की चिन्ह बदललं’ असं रटलेली मुलं इथे हमखास −३क्ष = −१५ लिहितात. दोन्ही बाजूंची चिन्हं बदलल्यामुळे उत्तर तेच येतं, पण एखाद्या दिवशी एकच चिन्ह बदलतात आणि फसतात.

तिच्या अक्षराकडेही एकदा बघा. दोन ठिकाणी एक्स आणि गुणिले चिन्ह इतकी सारखी आहेत की पुढच्या ओळीत तिनंच एक्सला गुणाकार समजून गिळलं आहे. एक्स वळणदार काढायचा, किंवा गुणाकारासाठी टिंब वापरायचं. अज्ञात संख्येला एक्सच म्हणावं असंही काही नाही. बाराव्या शतकात भास्कराचार्य पहिल्या अज्ञाताला ‘यावत्-तावत्’ म्हणत आणि पुढच्या अज्ञातांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं देत. वाय किंवा झेड आला की ‘हे वेगळं गणित आहे’ म्हणून बिचकणाऱ्या मुलीला हे सांगून ठेवलेलं बरं.

माध्यमाचा प्रश्न खरा आहे तो शाब्दिक उदाहरणांत, त्यांच्याबद्दल तुम्ही विचारलं नसलं तरी. मराठीत आपण म्हणतो, ‘एका संख्येच्या तिपटीतून ५ वजा केले’. शब्द ज्या क्रमानं येतात त्याच क्रमानं लिहिलं की ३क्ष − ५ तयार. इंग्रजीत हेच ‘फाइव्ह लेस दॅन थ्री टाइम्स अ नंबर’ असं येतं. पाच आधी, तिप्पट नंतर. मूल शब्दांमागून जातं आणि ५ − ३क्ष लिहितं. इंग्रजी माध्यमात शिकणारी बरीच मुलं इथे अडखळतात, आणि तुमच्या मुलीकडे त्यावरचा उपाय घरातच आहे. वाक्य आधी मनात मराठीत म्हणायचं, मग चिन्हात लिहायचं. शाळेत मराठी बोलू नये असं तिला कोणी सांगितलं असेल तर गणिताच्या कच्च्या कागदाला ते लागू नाही.

एक उदाहरण करून बघा. बेळगावहून खानापूरला निघालेल्या बसमधून पिरनवाडीला ५ प्रवासी उतरले. उरलेल्यांपैकी एक तृतीयांश देसूरला उतरले. वाटेत कोणी चढलं नाही. खानापूरला २८ जण पोचले. निघताना किती होते?

पिरनवाडीनंतर क्ष − ५. देसूरला उतरले (क्ष − ५)/३. म्हणून (क्ष − ५) − (क्ष − ५)/३ = २८. तिनानं गुणून ३(क्ष − ५) − (क्ष − ५) = ८४, म्हणजे ३क्ष − १५ − क्ष + ५ = ८४, २क्ष − १० = ८४, २क्ष = ९४, क्ष = ४७. ताळा : ४७ मधून ५ गेले ४२, त्याचा तिसरा भाग १४, उरले २८.

‘उरलेल्यांपैकी’ हा शब्द निसटला तर क्ष − ५ − क्ष/३ = २८ होतं आणि उत्तर येतं साडेएकोणपन्नास प्रवासी. अर्धा प्रवासी पाहून मूल स्वतःच हसतं आणि मागे जाऊन चूक शोधतं. जास्त फसवी चूक पुढची : − (क्ष − ५) चे − क्ष − ५ केले तर क्ष = ५२ येतं. पूर्ण संख्या, पटण्यासारखी. ती मूळ समीकरणातल्या ताळ्यातही पकडली जाते, पण ताळा गोष्टीतच करायची सवय लावा : ५२ मधून ५ गेले ४७, ४७ चे तीन सारखे भाग होत नाहीत. शाब्दिक उदाहरणाचा ताळा नेहमी मूळ प्रश्नाच्या शब्दांवर घ्यायचा. समीकरणच चुकीचं मांडलं असेल तर समीकरणातला ताळा सुखेनैव जुळतो.

घरी काय करायचं? रोज वीस मिनिटं, चार गणितं, जास्त नको. पंधरा दिवस रेघेपलीकडचं लिहिणं सक्तीचं. तुम्ही उत्तर तपासायचंच नाही, फक्त म्हणायचं, ‘ताळा दाखव.’ जुळला नाही तर चूक कुठल्या ओळीत आहे ते तिनं शोधायचं. त्याची एक युक्ती आहे : तिचं चुकीचं उत्तर खालच्या ओळीपासून एकेक ओळ वर घालत जायचं. ज्या ओळीत दोन्ही बाजू पहिल्यांदा जुळेनाशा होतात, ती ओळ आणि तिच्या खालची ओळ यांच्यामध्येच चूक आहे. पहिल्या गणितात क्ष = ५ घेऊन पाहा : ३क्ष − ४ + ५ = २क्ष + ६ या ओळीत १६ = १६ जुळतं, त्यावरच्या ओळीत ८ आणि १६. चूक कंस सोडवण्यात, सापडली. पंधरा दिवसांनी शेरे लिहिणं थांबवू दे, पण ओळी गाळू देऊ नका, परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात. ‘पलीकडं नेलं’ असं ती नंतर म्हणू लागली तर म्हणू द्या.

पहिल्या आठवड्यासाठी काही गणितं :

४(क्ष + २) = ३क्ष + १५, उत्तर ७.
९ − ३(क्ष − २) = ०, उत्तर ५. (२ आलं तर समजा, तिनं पुन्हा ९ मधून ३ आधीच वजा केले.)
क्ष/२ + क्ष/३ = १०, उत्तर १२.
(२क्ष − १)/३ − (क्ष − ३)/४ = ५, उत्तर ११. यात आज बोललेलं जवळजवळ सगळं आहे.
५(क्ष − १) = ५क्ष − ३.

शेवटच्यात दोन्हीकडून ५क्ष काढले की क्ष उडून जातो आणि −५ = −३ असं अशक्य विधान उरतं. अशा वेळी मुलं गोंधळून क्ष = ० लिहितात. शून्य घालून ताळा करायला सांगा : डावीकडे −५, उजवीकडे −३. शून्यही चालत नाही, कुठलीच संख्या चालत नाही. ‘उकल नाही’ एवढंच उत्तर. उजवीकडे ५क्ष − ५ असतं तर −५ = −५ उरलं असतं, आणि मग कुठलीही संख्या चालली असती.